उजवी दांडी

रिमोटची ती होडी वहिनीने तंबूवाल्यांच्या कचऱ्यातून उचलून आणली होती. पवना धरणाच्या काठाला दादाचं घर आहे आणि घराखालच्या उतारावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या लोकांचे तंबू लागतात. वहिनी त्यांना भाकऱ्या करून देते. सोमवारी माणसं निघून गेली की मागे काय काय उरतं ते न बघितलेलंच बरं. एका सोमवारी त्यात ही होडी उरली. लाल प्लास्टिकची, हातभर लांब, मागे दोन इवलेसे पंखे आणि सोबत दोन दांड्यांचा रिमोट. पुढचं टोक फुटलेलं होतं, म्हणूनच टाकून दिली असावी. वहिनीने आणली ती भंगारवाल्याला द्यायला, पण दादाने हात पुढे केला म्हणून त्याला दिली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने धरणात जाळी टाकली. पत्र्याची होडी, दोन वल्ही आणि तो, एवढाच त्याचा कारखाना. माझ्या नाकातोंडात लहानपणी एकदा पाणी गेलं, तेव्हापासून मी धरण बघितलं ते काठावर उभं राहून. दादाच्या होडीत मी आयुष्यात एकदाही बसलो नाही. तो चिडवायचा, "तुला पानी फकस्त तांब्यातलं ठावं." मी तळेगावकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो, तिथूनच निवृत्त झालो आणि आता सोमाटण्याला राहतो. दर रविवारी मोटरसायकल काढायची, दादाकडे जायचं, दुपारी मासे खायचे आणि त्याच्या शिव्या ऐकून संध्याकाळी परत यायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

ही होडी सापडायच्या आधी, दिवाळीनंतर, दादाला झटका आला होता. उजवं अंग गेलं. पाय काठीच्या आधाराने का होईना परत आला, हात आला नाही. बोलणंही गेलं, एक शब्द सोडून. तो शब्द 'व्हय'. चहा घेणार का, व्हय. नको का, व्हय. दुखतंय का, व्हय. दुखत नाही ना, व्हय. अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठावरच्या माणसाशी भांडू शकणारा हा माणूस, आता आम्ही काहीही विचारलं तरी होकार द्यायचा. पहिले काही दिवस मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून कोणतं व्हय खरं ते ओळखायचा प्रयत्न केला. मग कंटाळलो. लाज वाटते सांगायला, पण कंटाळलो.

कामशेतहून आठवड्यातून एकदा एक फिजिओ ताई यायच्या. तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. त्यांनी मला आणि वहिनीला पडवीत उभं करून सांगितलं होतं, "पहिले सहा महिने आपल्या हातात आहेत. त्यांच्या उजव्या हाताला काम द्या. कितीही थोडं असू दे, पण रोज. काम दिलं नाही तर मेंदू त्या हाताला विसरून जाईल." मी मान डोलावली. दाबायला त्यांनी रबरी चेंडू दिला होता. दादाने तो डाव्या हाताने उचलून अंगणात भिरकावला आणि कोंबड्या उधळल्या. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. हात यायचा असेल तर वेळ थोडा आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त दादाच्या गळी ते कसं उतरवायचं हे कुणाला माहीत नव्हतं.

होडी घरात आल्यानंतरच्या आठवड्यात मी पाहुण्यांच्या लग्नात अडकलो होतो. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा दादा अंगणातल्या सिमेंटच्या हौदाशी खुर्ची टाकून बसला होता. रिमोट मांडीवर. डावा अंगठा डाव्या दांडीवर. दांडी पुढे ढकलली की डावा पंखा फिरायचा, होडी उजवीकडे वळायची आणि वळतच राहायची. एक गोल, दुसरा गोल, तिसरा गोल. स्वस्तातल्या खेळण्यात सुकाणू नसतं. डाव्या मोटरला डावी दांडी, उजव्या मोटरला उजवी, दोन्ही एकदम ढकलल्या तरच होडी सरळ जाते. दादाजवळ एकच अंगठा, म्हणून होडी नुसती गरगर फिरत होती.

मला ते बघवेना. ज्या माणसाने अंधारात, धुक्यात नेमकी आपल्या जाळ्यावर होडी नेली, तो हौदात प्लास्टिकचं खेळणं गोल गोल फिरवत बसलाय, हे बघून माझ्या स्वभावाप्रमाणे मला रागच आला. त्याचा उजवा हातही सारखा रिमोटवर येऊन पडत होता, मध्ये येत होता. मी तो उचलला, नीट त्याच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने परत तिथेच. मी परत उचलून ठेवला. दादाने माझ्याकडे पाहिलं, पण त्याच्या बघण्याचं मी तेव्हा काही मनावर घेत नव्हतो.

"दादा," मी म्हणालो, "ही सुधारून देतो तुला. एकाच दांडीवर चालंल, डाव्या हातानं, अशी करून देऊ का?"

"व्हय," दादा म्हणाला.

वहिनी हातातलं काम टाकून दारात आली, तेव्हा तिला मी होडी सुधारून आणतो एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "लवकर द्या हां भावजी." मी म्हटलं पंधरा दिवसांत देतो, आणि होडी-रिमोट पिशवीत घालून हँडलला अडकवले.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. कारखान्यात माझं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. माझ्या पाळीत उत्पादनाची लाइन थांबत नसे. एखादा सेन्सर गेला की तो काढून बाजूला ठेवायचा आणि तारा सरळ जोडून टाकायच्या. दोन मोटरींतली एक जळाली की दुसरीवर दोघींचा भार टाकायचा. याला आम्ही बायपास मारणं म्हणायचो. बिघडलेला भाग दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि साहेब तर घड्याळ बघत मागे उभाच असतो. तीस वर्षं मी हेच केलं आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. त्यामुळे दादाची होडी बघून माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. उजवी बाजू बंद आहे ना, मग तिला वगळा.

पंधरा दिवसांचे आठ आठवडे झाले, कारण मला मजा यायला लागली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा सकाळी उठून करायला काहीतरी होतं. पुण्याला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तीन चकरा मारल्या. जुन्या मोटरी अंगठ्याच्या पेराएवढ्या, घरघर करून गरम होणाऱ्या. त्या काढून दुप्पट ताकदीच्या बसवल्या. वेग कमी-जास्त करणारी सर्किटं टाकली, म्हणजे होडी झटक्याने पळणार नाही, वल्हवल्यासारखी हळू निघेल. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून जोडले. पंख्याचा दांडा ज्या नळीतून पाण्यात उतरतो तिच्यात ग्रीस भरलं. फुटलेलं टोक पुट्टी भरून घासलं, रंगवलं. रिमोटचं सिग्नल पाठवणारं सर्किट नवं घातलं. आधी अंगणापुरतं चालायचं, आता धरणात लांबवर पोचेल असं.

रिमोटचं खोकं मात्र जुनंच ठेवलं, दादाच्या हाताला ओळखीचं म्हणून. आतलं सगळं काढून टाकलं आणि डाव्या बाजूला चहूकडे वळणारी एकच दांडी बसवली. पुढे ढकलली की दोन्ही मोटरी चालणार, कलती केली की होडी त्या बाजूला वळणार. उजव्या दांडीच्या जागी भोक राहिलं. ते उघडं बरं दिसेना. फायबरचा तुकडा नेमका त्या मापाचा कापला, चिकटवला, वरून पॉलिश पेपर मारला. हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. सगळ्या कामात मला त्या तुकड्याचा विशेष अभिमान वाटला होता.

बाल्कनीत कपड्याच्या टबात मी ती होडी पुढे-मागे करून बघत बसायचो. बायको म्हणाली, "खेळणं दादांचं आहे की तुमचं?" मी म्हटलं, चाचणी घ्यावी लागते. मध्ये दोन रविवार मी दादाकडे गेलोही नाही, कारण हाताशी सोल्डरिंगचं काम होतं. वहिनीचा फोन आला, "भावजी, कदी आणताय? रिकाम्या हौदाकडं बघत बसत्यात." हौद तर भरलेलाच असतो. ती त्याला रिकामा म्हणाली हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. मी सांगितलं, झालंच आहे, रंग वाळू दे.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी मी ती घेऊन गेलो. हौदात काय चालवायची, म्हणून दादाला धरून धरून थेट काठावर नेलं. धरण खाली गेलं होतं, काठाला चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. दादाची पत्र्याची होडी तिथेच वर पालथी पडली होती. समोर पाण्यात एक वठलेलं झाड उभं आहे. त्याच्या अलीकडे दादा जाळं लावायचा, हे मला माहीत होतं, कारण काठावरून तेवढं दिसायचं.

मी होडी पाण्यात सोडली, दादाला रिमोट दिला, डावा अंगठा दांडीवर ठेवून दिला. एकदाच समजावलं. त्याने दांडी हळूच पुढे केली आणि होडी निघाली. सरळ. रेघ ओढल्यासारखी. झाडापर्यंत गेली, झाडाच्या अलीकडे थांबली, जिथे जाळ्याची सुरुवात असायची नेमकी तिथे. मग जाळं सोडत जावं तशी संथपणे आडवी गेली, वळली आणि पुन्हा सरळ काठाला येऊन लागली. तंबूवाल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं मी दादाला त्याचं धरण परत दिलं.

दादाने रिमोट गवतावर ठेवला. डावा हात पँटला पुसला. काठी घेतली आणि उठायला लागला.

"आवडली ना?" मी विचारलं.

"व्हय."

तो दमला असेल असं मला वाटलं. पुढच्या रविवारी होडी पडवीतल्या फळीवर होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिथेच, वर धूळ. मी म्हणायचो, चल दादा, एक फेरी मारू. तो व्हय म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. बळेच रिमोट हातात दिला तर दोन मिनिटं धरायचा आणि खाली ठेवायचा. शेवटी माझं टाळकं सरकलं. "एवढं आठ आठवडे राबून केली," मी म्हणालो, "किती लांबनं सामान आणलं, आन् तुला तिची किंमत न्हाई. चेंडू फेकतोस, ही ठेवून देतोस. तुझं तुला बरं व्हायचंच न्हाई."

"व्हय," दादा म्हणाला. बाज धरून हळूहळू भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी आत गेलो. वहिनी चुलीपुढे होती. तंबूवाल्यांच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मी तिच्याजवळ तोच पाढा वाचला. तिने भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं वल्हं काढून घ्येतलं तुमी, भावजी."

मला कळेना. मी विचारलं, कसलं वल्हं.

"रिमोटचं. दोन दांड्या बघून हसलं व्हते. झटका आल्यापास्नं पयल्यांदा. डावी दांडी डावं वल्हं, उजवी दांडी उजवं वल्हं. एकाच वल्ह्यानं होडी गोल फिरतीया, ह्ये त्यांना काय नवं हाय का?" तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "रोज सकाळी बसायचे हौदाशी. डाव्या हातानं उजवा हात उचलायचे, अंगठा दांडीवर ठेवायचे, आन् रेटायचे. घाम फुटायचा. चार दिस काय न्हाई. पाचव्या दिशी अंगठा हलला. होडी सरळ गेली, ह्येवढी." तिने पीठ लागलेले दोन्ही हात फाकवून दाखवलं. दोन-तीन वीत असेल. "मग रोज जरा जरा जायाची. तुमी आला त्या दिशी तुमाला दाखवायचं व्हतं त्यांना."

मी म्हणालो, "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुमाला दिसलं आसंल. तुमी तर त्यो हात उचलून बाजूला ठिवत व्हता." तिने तव्यावरची भाकरी काढून चुलीशी शेकायला उभी केली. "सुधारतो म्हनालात. व्हती तशीच दोन दांड्यांची, पर जरा हलकी चालंल आशी करनार, आसं वाटलं मला. इंजिनचं तुमाला कळतं, आमाला काय कळतंय."

फिजिओ ताईंनी जे सहा महिने सांगितले होते त्यातले दोन माझ्या बाल्कनीत गेले होते. आणि उजव्या हाताला द्यायला दादाने स्वतःहून शोधलेलं काम, ते मी सफाईने काढून टाकून वरून पॉलिश मारलं होतं. चेंडूला त्याने जे दिलं नाही ते त्याने त्या दांडीला दिलं होतं. मी पडवीत आलो, फळीवरून रिमोट काढला आणि बाजेवर त्याच्यापुढे ठेवला. दादा उठून बसला. डाव्या हाताने उजवा हात उचलला. हात आता मुठीत वळला होता, अंगठा आत दाबलेला. त्याने एक-एक बोट सोडवलं, अंगठा बाहेर काढला आणि माझ्या त्या गुळगुळीत तुकड्यावर नेऊन ठेवला. जिथे दांडी असायची तिथे. मग माझ्याकडे पाहिलं.

"परत बसवतो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी. दोन्ही बसवतो."

"व्हय."

तो आठवडा मी जेवलो असेन, झोपलो असेन, आठवत नाही. तुकडा चिकटवला होता तो निघेना, शेवटी खोकं कापावं लागलं. दोन साध्या दांड्या बसवल्या, डावीला डावी मोटर, उजवीला उजवी. उजव्या दांडीची स्प्रिंग इतकी हलकी केली की फुंकर मारली तरी ती हलली असती. शनिवारीच घेऊन गेलो. दादाने अंगठा दांडीवर ठेवला, रेटला. कपाळावरची शीर फुगली. दांडी हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फिजिओ ताई आल्या तेव्हा त्यांनी तो हात हातात घेऊन बराच वेळ मूठ उघडून-मिटून पाहिली आणि विचारलं, "मध्ये एकदम थांबवलं का काही? मागे अंगठ्यात ताकद येत होती, मी लिहूनही ठेवलंय." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वाट्याचं मीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, करत राहा, आणि या खेपेला सहा महिन्यांचं नाव काढलं नाही.

आम्ही करत राहिलो. मे गेला. दर रविवारी मी दादाला हौदाशी बसवायचो, अंगठा दांडीवर ठेवायचो आणि बघत राहायचो. लाइन चालू व्हायची वाट बघत साहेब उभा राहायचा, तसा मी त्याच्यामागे उभा असायचो. तो रेटायचा की नुसता बसून असायचा, हे पुढे पुढे मला सांगता येईना.

जूनच्या एका रविवारी मला ते सहन झालं नाही. मी खाली त्याच्या पायाशी बसलो, रिमोटवरून त्याचा उजवा हात उचलला आणि तिथे माझा अंगठा ठेवला. म्हणालो, "तू डावं मार, मी उजवं मारतो. जाऊ दे सरळ." दादाने डावी दांडी पुढे केली. मी उजवी केली. नव्या मोटरी, हलक्या स्प्रिंगा, होडी हौदात बाणासारखी सरळ गेली आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. मी ती हाताने ओढून परत आणली. पुन्हा सुरू केली.

"अशीच न्यायची ना, दादा?" मी विचारलं.

तो काही म्हणाला नाही. झटका आल्यापासून मी त्याला काही विचारलं आणि तो व्हय म्हणाला नाही, असं कधी झालं नव्हतं. मी वर पाहिलं. त्याने डावा अंगठा दांडीवरून काढून घेतला होता आणि हात मांडीवर, दुसऱ्या हाताशेजारी ठेवला होता.

उजवी दांडी मी तशीच दाबून धरली होती. होडी आता उलट्या बाजूने, डावीकडे, गोल गोल फिरत होती.